चिनात्सु पास आऊट झाली

नीलांबरी खरे स्वस्थ बसलेली जर्मनीतल्या आखन गावात कुणी पाहिलेली नाही. ड्युसेलडॉर्फच्या गाडीत अर्धा डबा रिकामा असला तरी ही बाई दाराशी उभी. कुणाकडे जेवायला गेली की पाचव्या मिनिटाला त्यांच्या ओट्यापाशी. डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत भिंतीवरची सगळी पोस्टरं वाचून काढणार, लहान मुलांच्या लसीकरणाचीसुद्धा. नवरा भास्कर, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं गिअर तपासणारा शांत माणूस, तो एवढंच म्हणायचा, "अगं, टेक की जरा!" मुलगी कुहू मराठी सगळं समजायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची. ती म्हणायची, "मामा, सेट्स दिश!" म्हणजे तेच. इथली पोरं आईला मामा म्हणतात; नीलांबरीच्या पुण्यातल्या सख्ख्या भावाला हे कळल्यापासून तो जरा नाराजच आहे.

स्वभावच चुळबुळा, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण २००६च्या जूननंतरची चुळबूळ निराळी होती. तिला एका मुलीला एक वाक्य सांगायचं होतं, आणि ती मुलगी काही केल्या सापडत नव्हती.

मुलगी जपानी. तेव्हा आधी नीलांबरीच्या जपानीचं सांगायला हवं. पुण्यात कॉलेजात असताना तिला खरं तर जर्मन शिकायचं होतं. त्या वर्गात जागा उरली नव्हती, म्हणून तणतणत शेजारच्या खोलीत जपानीला जाऊन बसली. चार वर्षं घासून जपानी शिकली, आणि लग्न होऊन आली कुठे, तर जर्मनीत. नशिबाला विनोदबुद्धी असते ती अशी. जपानी शिकवायला पद्माकर सर होते. सर शिस्तीचे. शब्दार्थांच्या वहीत डावीकडे जपानी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, आणि अर्थ एकच. दुसरा अर्थ लिहिलेला दिसला की म्हणायचे, "हे काय? खात्री नाही वाटतं?" ती निळ्या कव्हरची वही नीलांबरीने आखनला आणली होती. तिच्यात चाळिसाव्या पानावर एक नोंद होती: सोत्सुग्यो – पास आऊट होणे.

ड्युसेलडॉर्फला जपानी लोकांची मोठी वस्ती. त्यांच्या शाळा, दुकानं, कंपन्या, सगळं आहे. जर्मन शिकून झाल्यावर नीलांबरीला तिथे दुभाषीचं काम मिळालं. दवाखान्यात पोट दुखणारे जपानी, शाळेत पालकसभेला आलेले जपानी, कारखान्यात यंत्राचा नट सापडत नसलेले जपानी. त्यांच्या जिभेवर 'ल' येत नाही, त्यामुळे तिचं नाव त्यांनी कापून 'नीरा-सान' केलं. तिने कधीच हरकत घेतली नाही. हरकत घ्यायची ती एकाच गोष्टीला. कुणी म्हणालं, "थोडं सौम्य करून सांगा ना," की ती म्हणायची, "जे बोललं गेलं तेच मी सांगते. आडनाव खरे आहे माझं." या वाक्याचा तिला फार अभिमान होता.

२००४ साली तिथल्या एका जपानी मंडळाच्या उत्सवाला नागोयाहून पाच मुली गायला आल्या. त्यांच्या ग्रुपचं नाव कोंपेतो. कोंपेतो ही तिकडची मिठाई, साखरेची बारीक, रंगीत, अंगावर काटे असलेली. नीलांबरीच्या पर्समध्ये त्या दिवशी योगायोगाने सासूबाईंनी पाठवलेल्या संक्रांतीच्या हलव्याची डबी होती. तिने ती रंगपटात उघडली मात्र, पाचही पोरी किंचाळल्या. त्यांचं नावच कुणीतरी भारतातून डबीत भरून आणलं होतं! तेव्हापासून नीलांबरीच्या घरी त्यांचं नाव 'हलव्याच्या पोरी' पडलं.

पाचांत म्होरकी चिनात्सु, वीस वर्षांची. ती हलव्याचा दाणा बोटांत धरून उजेडात फिरवत राहिली. काटे कसे येतात? नीलांबरीने सांगितलं: मंद आचेवर परात, थेंब थेंब पाक, आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. थांबलात की काटा मोडला. "थांबायचंच नाही?" चिनात्सुने विचारलं. "नाही." "मग मला जमेल," ती म्हणाली. तिचाही पाय टेबलाखाली एकसारखा हलत होता. नीलांबरीला ती पोर तिथल्या तिथे आवडून गेली.

त्या पोरींचं आयुष्य कसं असतं ते नीलांबरीला हळूहळू कळलं. सोळाव्या वर्षी निवड. सकाळी नाच, दुपारी गाणं, रविवारी दुकानांच्या मजल्यांवर कार्यक्रम, आणि मग हस्तांदोलनाची रांग. एक सीडी घेणाऱ्याला चार सेकंद हात हातात. चिनात्सु म्हणाली, एका दिवशी तिने बावीसशे हात हातात घेतले होते. शेवटी आपला हात कुठला तेच कळेना. मित्र ठेवायचा नाही, वजन वाढवायचं नाही, हसू उतरू द्यायचं नाही. एवढं करून कोंपेतोचं एक गाणं कुठल्याशा यादीत एकोणिसाव्या नंबरावर आठवडाभर होतं. ही गोष्ट चिनात्सु इतक्या आनंदाने सांगायची, की एकोणीस हा आकडा ऐकून हसू येतंय असं दाखवायचीही नीलांबरीला लाज वाटली.

दोन वर्षांनी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, कोंपेतो पुन्हा ड्युसेलडॉर्फला आली. गावभर फुटबॉलच्या विश्वचषकाचे झेंडे लागले होते. ग्रुपमध्ये जुनी एकटी चिनात्सुच उरली होती. बाकीच्या चौघी सोळा-सतराच्या कोऱ्या पोरी, तिला 'थोरली ताई' अशा अर्थाचं काहीतरी म्हणणाऱ्या. नीलांबरीने या वेळी आखनची प्रिंटेन आणली होती. प्रिंटेन ही आमच्या गावची मसालेदार, दगडासारखी टणक बिस्किटं, डब्यावर ठसठशीत अक्षरांत गावाचं नाव. चौघींनी चावून पाहिलं आणि ठेवून दिलं. चिनात्सु मात्र चहात बुडवून बुडवून तीन खाऊन बसली. मॅनेजर इगाराशी यांनी डोळे वटारले, पण ती त्या दिवशी डोळ्यांना भीक घालत नव्हती.

ते बाहेर गेल्यावर तिने विचारलं, "नीरा-सान, जर्मन माणसं रडतात का हो?"

"फुटबॉलमध्ये हरली की," नीलांबरी म्हणाली.

"आणि एरवी?"

"एरवी कार्यक्रम वेळेवर सुरू झाला नाही तर."

चिनात्सु हसली, पण पाय हलायचा थांबला होता. नीलांबरीच्या हे तेव्हाच लक्षात आलं होतं. पुढची दोन वर्षं तिला सगळ्यात जास्त डाचलं ते हेच.

कार्यक्रमाला चारशे लोक होते. बरीचशी रंगीत केसांचे टोप घातलेली जर्मन पोरं. जपानी चित्रकथांची वेडी, पण कोंपेतो कोण हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत. शेवटचं गाणं झालं. नीलांबरीच्या कागदावर पुढे 'आभार, नमस्कार, पडदा' एवढंच होतं. चिनात्सु पुढे आली, आणि कागदावर नसलेलं बोलली. "या महिन्यात," ती म्हणाली, "माझं सोत्सुग्यो आहे."

नीलांबरीच्या डोळ्यांसमोर चाळिसावं पान लख्ख उभं राहिलं. पास आऊट! म्हणजे पोरगी नाचगाणं सांभाळून शिकतही होती तर! तिला इतका आनंद झाला, की तिने माइक उचलून खणखणीत जर्मनमध्ये सांगितलं, की चिनात्सुने शिक्षण पूर्ण केलंय, तिला तिचा आबश्लुस मिळालाय. आबश्लुस म्हणजे इथे शाळा-कॉलेज संपल्यावर हाती पडते ती पात्रता. जर्मन माणसाला या शब्दाचं कौतुक आपल्याकडच्या बोर्डात आलेल्या पोरापेक्षा कमी नसतं.

सभागृह उसळलं. टाळ्या, शिट्ट्या, पाय आपटणं. कुणीतरी वाढदिवसाला म्हणतात ते गाणं धरलं आणि चारशे जणांनी ते उचललं. चिनात्सु स्टेजच्या मध्यात उभी होती. तिचं हसू जागच्या जागी होतं.

मग नीलांबरीने मागे पाहिलं. चौघी कोऱ्या पोरी एकमेकींना धरून हमसून हमसून रडत होत्या. पुढच्या रांगेत कोंपेतोचे शर्ट घातलेल्या दोन जर्मन मुली तोंडावर हात दाबून बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारचे लोक त्यांच्याकडे आश्चर्याने बघत होते. पास झाल्यावर असं कुणी रडत नाही. अर्ध्या मिनिटात नीलांबरीला कळलं. सगळं नाही, पण पुरेसं कळलं. माइक अजून तिच्या हातात होता. 'माफ करा, मी चुकले, ती सोडून चालली आहे', एवढंच म्हणायचं होतं.

ती म्हणाली नाही. चारशे लोकांसमोर 'चुकले' म्हणायचं तिच्या जिवावर आलं. मंडळ पुढच्या वर्षी बोलावेल की नाही, असाही एक विचार मनात येऊन गेला. दोन्ही कारणं क्षुद्र होती, आणि ती क्षुद्र आहेत हे तिला त्या क्षणीही माहीत होतं. तिने माइक खाली ठेवला.

नंतर इगाराशींनी तिला बाजूला घेऊन समजावलं. ते चिडले होते, पण तिच्यावर नाही, चिनात्सुवर. या धंद्यात ग्रुप सोडून जाण्याला सोत्सुग्योच म्हणतात. सोडलं म्हणत नाहीत, काढलं तर मुळीच म्हणत नाहीत. वयाची बावीस वर्षं म्हणजे पुष्कळ झाली, असं चिनात्सुला एप्रिलमध्येच सांगितलं गेलं होतं. तिचा निरोप तीन आठवड्यांनी नागोयाला ठरला होता. कुठल्या गाण्याला कुणी रडायचं तेसुद्धा लिहून तयार होतं. त्याआधीच इथे, परक्या गावात, हिने आपल्या मनाने बोलून टाकलं.

बसमध्ये चढताना चिनात्सु नीलांबरीसमोर कमरेत वाकली. "तुम्हाला त्रास झाला," म्हणाली. नीलांबरी बोलण्यासाठी तोंड उघडते आहे तोवर बसचं दार लागलं.

तेव्हापासून बाईचं बसणं संपलं. आधी अर्धवट बसायची तेवढंही नाही. भास्करला तिने चार-पाच दिवसांनी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, एका शब्दाची चूक. आमच्याकडे मोजमापात होतात."

"शब्दाची चूक झाली ते सोडा हो. मला कळलं होतं. कळूनही मी गप्प बसले."

खोटं उत्तर देण्याची भास्करला सवय नव्हती, म्हणून तो कांदा चिरायला घेऊन बसला.

कुहूला सांगितलं तर ती आधी हसलीच. "मामा! दास वाइस दोख येडर!" हे तर सगळ्यांना माहीत असतं. पंधरा वर्षांच्या पोरीला इंटरनेटवर वाचून जे माहीत होतं, ते वीस वर्षं जपानीवर जगणाऱ्या आईला माहीत नव्हतं. नीलांबरीने निळी वही काढली, चाळिसाव्या पानावर पेन टेकवलं, आणि दुसरा अर्थ न लिहिताच वही मिटली. काय लिहावं ते तिला सुचेना.

तिने इगाराशींच्या ऑफिसला पत्र पाठवलं. मग दुसरं. तिसरं रजिस्टरने. 'चिनात्सु आता आमच्याकडे नाही, तिच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा असाव्यात' असं छापील उत्तर आलं. मग ती ड्युसेलडॉर्फच्या जपानी पुस्तकांच्या दुकानात उभ्या उभ्या मासिकं चाळू लागली. वय पन्नाशीकडे झुकलेली, कपाळाला टिकली लावलेली बाई तरुण गायिकांची मासिकं एवढ्या तन्मयतेने का बघते, ते दुकानदाराला काही समजत नसे. कोंपेतोचं पुढचं सगळं तिने तिथेच उभ्याने वाचलं. २००७मध्ये आणखी दोघी पास आऊट. दोन नव्या आल्या. मग त्यांतलीही एक गेली. २००८च्या मार्चमध्ये ग्रुप बंद झाल्याची चार ओळींची बातमी, आणि शेवटचा फोटो. फोटोत तीन पोरी, आणि हलव्याची डबी पाहून किंचाळलेली त्यांत एकही नाही. चिनात्सुचा कुठे उल्लेखही नव्हता. नीलांबरीला त्या चार ओळींचा इतका राग आला, की तिने मासिक विकत घेऊन स्टेशनवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात तिला आखनमधूनच फोन आला. बोलणारी एका बेकरीची मालकीण होती. तिच्याकडे वर्षभराच्या सुट्टी-कामाच्या व्हिसावर आलेली एक जपानी मुलगी आहे, हात सोन्यासारखा आहे, तिला आता तीन वर्षांचं मिठाईचं रीतसर शिक्षण द्यायचंय. त्यासाठी परवाना लागतो. सोमवारी आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, दुभाषी म्हणून याल का? नीलांबरी हो म्हणाली. आखनच्या आखनमध्ये काम होतं, गाडी पकडायची नव्हती.

सोमवारी कचेरीच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये ती नेहमीसारखी उभी होती. समोरून केस आखूड कापलेली, जरा अंगाने भरलेली मुलगी आली आणि कमरेत वाकली.

"नीरा-सान," ती म्हणाली. "बिस्किटांच्या डब्यावर गावाचं नाव होतं."

नीलांबरीला दोन वर्षं घोकलेलं वाक्य आठवेना. तिने मुलीचे दोन्ही हात हातात घेतले आणि चार सेकंदांपेक्षा कितीतरी जास्त वेळ धरून ठेवले. मग दोघी बाकाशी आल्या. चिनात्सु बसली. नीलांबरी उभी.

"मी जर्मनच्या वर्गाला जाते," चिनात्सु सांगू लागली. "चौदाव्या धड्यात आबश्लुस शब्द आला. तुमचा आवाजच आठवला. मग मला समजलं, त्या दिवशी लोक का गात होते ते." तिने नीलांबरीकडे न बघता पुढे विचारलं, "तो शब्द तुम्ही मुद्दाम घेतलात ना? मला लोकांचं रडणं झेपलं नसतं, हे ओळखून? टाळ्या मिळाव्यात म्हणून?"

नीलांबरीने तिच्याकडे पाहिलं. जर्मन माणसं रडतात का, असं विचारणारी हीच मुलगी. हिला टाळ्या नको होत्या, हे दोघींनाही ठाऊक होतं. म्हणजे ही पोर पाहुण्याला खुर्ची पुढे करावी तशी तिला सोय करून देत होती. नुसती मान हलवायची, की टेकता येणार होतं. किती बरं वाटलं असतं! पाय दुखत होते तिचे, दोन वर्षांचे.

तेवढ्यात भिंतीवर त्यांचा नंबर लागला.

आतला अधिकारी मिशाळ, थकलेला, पण मनाने बरा माणूस होता. टेबलावर निवडुंगाची कुंडी. त्याने दोन खुर्च्या दाखवल्या. चिनात्सु बसली. त्याने पासपोर्ट पाहिला, बेकरीचं पत्र पाहिलं, आणि फॉर्म पुढे ओढून पेन उघडलं.

"आल्झो. वेल्शेन आबश्लुस हाबेन झी?" तुमचा आबश्लुस कोणता?

नीलांबरीने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की याचं जपानी करायचं तर तोच शब्द, सोत्सुग्यो, वापरावा लागणार. एवढ्या मोठ्या भाषेत दुसरा शब्द तिला त्या क्षणी सापडेना. चिनात्सु तिच्याकडे बघत होती. अधिकारीही बघत होता.

"दास वार माइन फेलर," नीलांबरी म्हणाली. ती माझी चूक होती.

ती हे जर्मनमध्ये का म्हणाली, कुणास ठाऊक. कदाचित तेव्हा जे जर्मनमध्ये म्हणायचं राहिलं होतं, ते त्याच भाषेत बाहेर पडलं. अधिकाऱ्याला वाटलं, बाई आत्ता काहीतरी चुकल्या. "माख्ट निश्ट्स," तो म्हणाला. काही बिघडलं नाही.

पण 'फेलर' शब्द पहिल्याच धड्यात येतो. मास्तर लाल शाईने लिहितात तो.

"इश वाइस," चिनात्सु म्हणाली. मला माहीत आहे. मग जपानीत, हळू, आवाज न चढवता: "माइक तुमच्या हातात होता. तुम्ही मागे वळून पाहिलंत, तेही मला दिसलं. मी वाट बघत होते, नीरा-सान."

नीलांबरीला वाटलं होतं, की आपलं पाप निदान आपल्या एकटीला माहीत आहे. दोन वर्षं ते दोघींनाही माहीत होतं. तिने शेजारची खुर्ची ओढली आणि मटकन बसली.

"चुकले गं," ती मराठीतच म्हणाली. जपानी सुचेपर्यंत थांबायला आता तिला वेळ नव्हता.

चिनात्सुला मराठी येत नव्हतं. तिने मान हलवली. मग पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले, आणि अधिकाऱ्याकडे बघून तिने ते जुनंच वाक्य पुन्हा म्हटलं. "या महिन्यात माझं सोत्सुग्यो आहे." आणि नीलांबरीकडे वळून म्हणाली, "सांगा."

नीलांबरीने सांगितलं. या वेळी वही आठवली नाही. हिने सोळाव्या वर्षापासून सहा वर्षं एका ग्रुपमध्ये काम केलं. एका दिवसात बावीसशे हात हातात घेतले. ग्रुपचं गाणं एकदा एकोणिसाव्या नंबरावर होतं. मग तिला सांगण्यात आलं, की आता पुरे. तिला जायचं नव्हतं. जाताना कुणाला तरी खरंच वाईट वाटावं, कागदावर लिहिलंय म्हणून नव्हे, अशी तिची इच्छा होती. म्हणून ती इथे, या देशात येऊन ते बोलली. आणि दुभाषी चुकली, त्यामुळे ते कुणापर्यंत पोचलंच नाही.

अधिकाऱ्याच्या फॉर्मवर यासाठी रकाना नव्हता. त्याने फॉर्मकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि पेन खाली ठेवलं.

"दास टूट मिर लाइट," तो म्हणाला. मला वाईट वाटलं.

याचं भाषांतर नीलांबरीला करावं लागलं नाही. चिनात्सुचं हसू, जे चारशे लोकांसमोर हललं नव्हतं, ते एकदम सुटलं आणि ती रडायला लागली, नाक ओढत, लहान मुलासारखी, मोठ्याने. शेजारी नीलांबरीही रडत होती. अधिकाऱ्याने खण उघडला, कागदी रुमालांचं पाकीट काढलं आणि निवडुंगाच्या बाजूने पुढे सरकवलं. चांगली पाच मिनिटं तो खिडकीबाहेर बघत राहिला.

मग घसा खाकरून त्याने पेन उचललं.

"आणि शाळेचा आबश्लुस?" त्याने विचारलं.